सर्वांत जुना शिपाई : प्रकल्प नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम इथल्या आमच्या वॉरगेमिंग (टेबलावर छोटे शिपाई मांडून लढाया खेळणाऱ्यांच्या) क्लबच्या वार्षिक खुल्या दिवसासाठी यंदा एक टेबल माझ्याकडे आले आहे. त्या टेबलावर कोणतीही लढाई न मांडता प्रत्येक सभासदाने सांभाळून ठेवलेले त्याचे सर्वांत जुने मिनिएचर, म्हणजे खेळातला छोटा शिपाई, मांडावे, असे आज समितीच्या बैठकीत ठरले. कल्पना सोपी होती, पण 'सर्वांत जुने' या दोन शब्दांवरच अर्धा तास गेला. एकाचे म्हणणे असे की, ज्याचा साचा जुना ते जुने. दुसऱ्याचे म्हणणे, विकत घेतल्याची तारीख धरावी. तिसऱ्याने गेल्याच वर्षी लिलावात घेतलेल्या एका शतकापूर्वीच्या शिपायाचा उल्लेख केला आणि सगळे गप्प झाले. शेवटी नियम असा केला की, मिनिएचर सभासदाने स्वतः खेळात वापरलेले असावे आणि तेव्हापासून त्याच्या ताब्यातून सुटलेले नसावे. वारशाने आलेले चालेल, मात्र लिलावातले चालणार नाही.

नोंदवही मी आखली. त्यात वर्षासाठी दोन स्वतंत्र रकाने ठेवले आहेत : 'सांगितलेले वर्ष' आणि 'वस्तूवरून निघणारे वर्ष'. कारखान्यात तपासणी विभागात नोकरी केल्यामुळे ऐकीव आणि मोजीव माहिती एकाच रकान्यात लिहायला माझा हात धजत नाही. समितीतील दोघांना हा दुसरा रकाना थोडा खोचक वाटला, आणि त्यांचे फारसे चुकलेही नाही.

२५ जानेवारी २०२४, गुरुवार

नोंद क्रमांक १ झाली. क्लबातील सर्वांत ज्येष्ठ सभासदांनी तंबाखूचा पत्र्याचा डबा उघडला, तेव्हा आत कापसावर एअरफिक्स या मॉडेल बनवणाऱ्या कंपनीच्या गार्ड्स बँडचे नऊ वादक निजलेले होते. रेल्वेच्या छोट्या मॉडेलशी जुळणाऱ्या मापाचे, जेमतेम पेराएवढे, मऊ पॉलिथिनचे हे शिपाई एका खोक्यात चाळीस-पन्नास मिळत आणि त्यांना पडणारे दोन शिलिंग शाळकरी मुलाच्या खिशाला परवडत. शिशाचे सैनिक दुकानाच्या काचेतून पाहण्यापुरते होते, तर हे घरी आणण्यासारखे होते. ब्रिटनमधल्या एका अख्ख्या पिढीचे सैन्य या खोक्यांतून उभे राहिले.

आजोबांनी (मी त्यांना मनातल्या मनात आजोबाच म्हणतो, तोंडावर इथल्या रीतीप्रमाणे पहिल्या नावाने हाक मारतो) सांगितलेले वर्ष १९५८, नाताळ. एअरफिक्सने असे शिपाई पहिल्यांदा १९५९ मध्ये बाजारात आणले आणि पहिल्या संचांत हाच गार्ड्स बँड होता. म्हणजे दुसऱ्या रकान्यात '१९५९ किंवा नंतर' लिहावे लागले. मी तसे सांगितल्यावर ते म्हणाले की, त्या नाताळात त्यांना गोवर आला होता आणि शिपाई अंथरुणावरच्या रजईवर उभे केले होते, त्यामुळे वर्ष चुकणे शक्य नाही. गोवराचे वर्ष मला तपासता येत नाही. दोन्ही रकाने भरून मी पुढे सरकलो.

त्यांच्याकडे दुसरा संच येईपर्यंत हे वादकच लढत असत. क्लॅरिनेटवाले पायदळ, मोठ्या ढोलाचा मानकरी तोफखाना आणि दंड उंचावलेला ड्रम मेजर हा सेनापती. ढोलाच्या एका बाजूला शाईचा काळा ठिपका आहे. ते तोफेचे तोंड.

२८ जानेवारी २०२४, रविवार

आजचा दिवस वाईट गेला. छायाचित्रासाठी ड्रम मेजरला चिमट्याने उचलताना त्याचा डावा पाय घोट्यापाशी मोडला. जोर लावला नव्हता. नव्या पॉलिथिनला कितीही वाकवा, ते परत सरळ होते, पण साठ वर्षे ऊन आणि हवा खाल्लेले पॉलिथिन वाळलेल्या शेंगेसारखे तडकते. ही माहिती मला होती, आणि तरीही मी चिमटा वापरला.

आजोबांना दूरध्वनी केला. पलीकडे क्षणभर शांतता, मग प्रश्न आला, "ड्रम मेजर तर नाही ना?" मला हो म्हणावे लागले.

पॉलिथिनला साधा गोंद धरत नाही, सुपरग्लू लावला तरी तो नखाने सालपटासारखा निघतो. म्हणून हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने पायात आणि घोट्यात समोरासमोर छिद्रे पाडली आणि पितळी तारेचा पाच मिलिमीटरचा तुकडा दोन्हीकडे घट्ट बसवला. गोंदाचे काम तारेने केले. पहिल्या खेपेला छिद्र तिरपे गेले आणि सेनापती लंगडा दिसू लागला, दुसऱ्या खेपेला उभा राहिला. सांध्यावर रंग लावायचा मोह झाला, पण लावला नाही. दुरुस्ती दिसली पाहिजे, आणि नोंदवहीत कोणाच्या हातून मोडले हेही लिहिले पाहिजे. ते लिहिले आहे.

१५ फेब्रुवारी २०२४, गुरुवार

आज एकदम पाच नोंदी झाल्या, त्यांतल्या दोन सविस्तर लिहितो.

नोंद क्रमांक ४ मिनिफिग्जची. साउथॅम्प्टनमध्ये १९६४ साली सुरू झालेल्या या कारखान्याचे शिपाई पुष्कळांकडे निघतील अशी माझी अटकळ होती, कारण इथल्या वॉरगेमिंगचा पाया त्याच गावात घातला गेला. डोनाल्ड फेदरस्टोन तिथेच राहत. व्यवसायाने ते फिजिओथेरपिस्ट होते आणि साउथॅम्प्टनच्या फुटबॉल संघाचे दुखरे गुडघेही त्यांनी सांभाळले. १९६२ साली आलेल्या त्यांच्या 'वॉर गेम्स' या पुस्तकाने घराघरांत एकेकटे खेळणाऱ्यांना कळले की, आपण एकटे नाही. आज आलेल्या सभासदाने त्यांच्या फ्रेंच ग्रेनेडियरांसोबत मूळ कागदी पाकीटही आणले होते. सांगितलेले वर्ष १९७३. पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेली किंमत मात्र शिलिंग आणि जुन्या पेन्सांत आहे, आणि ब्रिटनने दशमान चलन स्वीकारले १५ फेब्रुवारी १९७१ रोजी. म्हणजे शिपाई किमान दोन वर्षांनी जुने ठरतात. आजची तारीखही नेमकी तीच निघाली, हे त्यांच्या पत्नीने लक्षात आणून दिले. स्मरण नेहमी वस्तूला अधिक जुनी करते, हा माझा समज इथे उलटा पडला. त्यांना १९७३ का आठवते हे विचारले, तर उत्तर मिळाले की, त्या वर्षी त्यांनी ते शिपाई पहिल्यांदा पूर्ण रंगवले. विकत घेणे विसरले होते, रंगवणे लक्षात होते.

नोंद क्रमांक ५ वर सभेत वाद झाला. एकाने स्वतःच्या आजोबांकडून आलेला, ब्रिटन्स या खेळण्यांच्या कंपनीचा घोडेस्वार आणला. शिसे साच्यात ओतून, बाहेरचा पातळ थर थिजताच आतले द्रव शिसे परत ओतून काढायचे आणि शिपाई पोकळ करायचा, ही युक्ती विल्यम ब्रिटन यांनी १८९३ साली वापरात आणली. त्यामुळे धातू कमी लागला, किंमत उतरली आणि भरीव शिपाई विकणाऱ्या जर्मन कारखान्यांना घाम फुटला. पण ५४ मिलिमीटरचे हे शिपाई खेळणी होती, वॉरगेमिंगची मिनिएचर नव्हेत, असा आक्षेप आला. मी 'लिटल वॉर्स'चा दाखला दिला. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली या खेळाचे नियम छापले ते अशाच शिपायांसाठी, आणि त्यात गोळीबार फाशांवर अवलंबून नव्हता. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून सुमारे इंचभर लांबीची लाकडी नळकांडी नेम धरून उडवायची, जो पडला तो मेला. आक्षेप मागे घेतला गेला. स्वाराचे डोके मानेत खोचलेल्या आगकाडीवर बसवलेले आहे. पोकळ शिपायांची मान हे नेहमीचे दुखणे आणि आगकाडी हा घरोघरचा इलाज. त्याच्या आजोबांच्या हातची काडी आहे, म्हणून ती बदलायची नाही असे ठरले.

३ मार्च २०२४, रविवार

नोंद क्रमांक ९ साठी सभासदाच्या घरी जावे लागले, कारण संग्रह हलवण्यासारखा नव्हता. दिवाणखान्यात भिंतभर ओकचे कपाट, काचेची दारे, दारांना रबरी पट्टी, आत दिवे. त्यात हिंचलिफ कंपनीचे नेपोलियनकालीन घोडदळ रांगांनी उभे. यॉर्कशरमध्ये हडर्सफील्डजवळच्या मेल्थम गावात ओतलेले हे २५ मिलिमीटरचे घोडे पीटर गिल्डर यांनी घडवलेले असून, इतक्या लहान आकारात घोड्याच्या मानेला असा बाक मी क्वचितच पाहिला आहे. सांगितलेले वर्ष १९७४ आणि इथे वस्तूची काही तक्रार नाही.

तक्रार दुसरीच होती. खालच्या फळीवरच्या घोड्यांच्या पोटाखाली आणि खुरांभोवती रंगाला फोड आले होते आणि फोडांतून पिठासारखी पांढरी भुकटी बाहेर पडत होती. मालकांना ती धूळ वाटत होती. संग्राहक याला शिशाचा कुजवा म्हणतात, पण हा रोग नाही आणि एका शिपायाचा दुसऱ्याला लागतही नाही. ओकच्या लाकडातून ॲसेटिक आम्लाची वाफ सतत सुटते. बंद कपाटात ती साठते, हवेतल्या ओलाव्याच्या आणि कार्बन डायऑक्साइडच्या सोबतीने शिशाचे कार्बोनेट बनवते, आणि या क्रियेत आम्ल संपत नाही, पुन्हा मोकळे होऊन पुढच्या शिशाला लागते. आपल्याकडचे जुने रंगारी ज्याला सफेदा म्हणत, तोच हा पदार्थ. युरोपात शतकानुशतके तो मुद्दाम शिशाच्या पत्र्यांना व्हिनेगरची वाफ देऊन बनवत असत. या घरात तो विनासायास, उत्तम रोषणाईत तयार होत होता.

कपाट त्यांनी निवृत्तीच्या पैशातून एका सुताराकडून खास करून घेतले होते आणि दाराची रबरी पट्टी धूळ येऊ नये म्हणून त्यांच्या आग्रहाने लावलेली. जितकी काळजी अधिक, तितकी वाफ कोंडली. हे त्यांना सांगणे मला जड गेले. त्यांनी आधी वाद घातला, मग माळ्यावरून बुटाचे एक खोके काढून आणले. त्यात त्याच काळातले, रंगवायचे राहिलेले आणि नावडते म्हणून टाकलेले पंधरा स्वार होते. त्यातले बारा निष्कलंक निघाले. खोक्याचे झाकण हरवलेले होते, एवढेच त्याचे कारण असावे.

काम : हातमोजे घातले, भुकटी कोरड्या कुंचल्याने न उडवता ओल्या कपड्याने टिपली, कारण शिशाची धूळ श्वासात जाणे घातक आहे. बाधलेले बावीस स्वार वेगळे केले. सगळे सैन्य पत्र्याच्या खणांत, झाकणे सैल ठेवून हलवले. वरून वार्निश देऊन काम भागेल का, असे त्यांनी विचारले. हवा तीच राहिली तर वार्निशने काही दिवस मिळतील, एवढेच मी सांगू शकलो. कपाटात आता चिनी मातीची भांडी ठेवणार आहेत.

२१ मार्च २०२४, गुरुवार

नंतरच्या पिढीची पाळी. नॉटिंगहॅम आणि आसपासच्या पट्ट्याला इथले लोक थट्टेने शिशाचा पट्टा म्हणतात, कारण सिटाडेल ही मिनिएचर बनवणारी कंपनी जवळच्या न्यूअर्कमध्ये सुरू झाली आणि तिथून फुटलेल्या किंवा तिच्या शेजारी उगवलेल्या ओतशाळा अजूनही या भागात आहेत. पन्नाशीतल्या सभासदांचे 'सर्वांत जुने' त्यामुळे बहुधा चेटक्या, ऑर्क नावाचा कल्पित राक्षस किंवा अंतराळातला शिपाई असते.

नोंद क्रमांक १३ : सिटाडेलचा एक योद्धा, सांगितलेले वर्ष १९८०. त्याच्या पायाखाली मात्र प्लास्टिकच्या तळपट्टीच्या खाचेत बसणारी धातूची आडवी पट्टी आहे, आणि ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्याला आली. नोंद क्रमांक १४ : चोचीसारख्या शिरस्त्राणाचा प्लास्टिकचा स्पेस मरीन, सांगितलेले वर्ष १९८५. तीस जणांचा तो खोका 'वॉरहॅमर ४०,००० : रोग ट्रेडर' या खेळासोबतच्या काळातला, म्हणजे १९८७ चा. दोघांनीही हसून मान्य केले. जुन्या मंडळींपेक्षा हे लवकर ऐकतात.

खरी चर्चा झाली ती रंग काढण्यावर. चौदाव्या नोंदीच्या मालकाने वीस वर्षांपूर्वी आपला मरीन डेटॉलमध्ये बुडवून स्वच्छ केला आणि व्यवस्थित नवा रंग दिला. वाचणाऱ्यांना डेटॉल आश्चर्यकारक वाटेल, पण इथल्या छांदिष्टांचे ते जुने औषध आहे. रात्रभर बुडवले की ॲक्रिलिक रंग मऊ पडतो आणि दात घासायच्या ब्रशने निघतो. फक्त तो आधी पाण्याखाली धरायचा नाही, डेटॉलमध्येच घासून मग धुवायचा, कारण पाणी लागताच सुटलेला रंग गोळा होऊन डिंकासारखा चिकटतो. आता त्याला पश्चात्ताप होतो. अकराव्या वर्षी घराच्या रंगाच्या डब्यातल्या तपकिरी रंगाने त्याने तो रंगवला होता आणि डोळे आईच्या नखरंगाने लाल केले होते. काखेत, जिथे ब्रश पोहोचला नाही, तिथे त्या तपकिरीचा तांदळाएवढा ठिपका मला भिंगाखाली सापडला. त्याला दाखवला. बराच वेळ त्याने भिंग परत दिले नाही.

नियम केला : या प्रकल्पासाठी कोणत्याही मिनिएचरचा रंग काढायचा नाही आणि नवा द्यायचा नाही.

१४ एप्रिल २०२४, रविवार

नोंद क्रमांक १७ मुळे मला घरची आठवण झाली. या गृहस्थांनी १९७० च्या दशकात मिनिफिग्जच्या शिपायांची डोकी कापून त्यावर पुटीचे फेटे चढवले आणि शिंद्यांच्या कवायती पलटणी तयार केल्या, कारण त्यांना असईची लढाई मांडायची होती. त्यांच्या तोंडी गावाचे नाव 'असाय' होते. मी असई म्हटल्यावर त्यांनी ते लिहून घेतले. आजच्या जालना जिल्ह्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेली ही लढाई इथे नेपोलियनच्या काळाचे वेड असलेल्यांना पाठ असते, कारण ती आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढच्या वेलिंग्टनने जिंकली. केळणा नदीला उतार नाही असे वाटाड्ये सांगत असताना, दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसतात त्या अर्थी मधे उतार असणारच, असे ताडून त्याने सैन्य पार नेले. समोरच्या पलटणींना हॅनोव्हरच्या पोलमनची कवायत होती आणि मराठ्यांच्या तोफखान्याने वेलस्लीची इतकी माणसे पाडली की, हताहतांची संख्या दीड हजारांवर गेली. या गृहस्थांच्या टेबलावर मात्र शिंदे तीनदा जिंकले आहेत. तिन्ही वेळा कोण खेळत होते, हे मी विचारले नाही.

फेट्यांची पुटी आता तडकली असून काही फेटे सुटले आहेत. डबीत जपून ठेवले आहेत, तसेच मांडायचे.

२ मे २०२४, गुरुवार

समितीने मला विचारले की, तुझे कुठे आहे. नियमाप्रमाणे माझ्याकडे एकच वस्तू बसते आणि ती आणायला मला संकोच वाटत होता : दिवाळीतल्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा. उंची ६१ मिलिमीटर, वजन ४८ ग्रॅम, अंगरखा पिवळा, पगडी लाल, मिश्या एकाच फटकाऱ्यात, ढाल पाठीला चिकटलेली, भाल्याची तार गंजून गेलेली आणि उजव्या हाताच्या मुठीत तिचे भोक तेवढे उरलेले. पुण्यात कुंभारवाड्यात घेतलेला. तळाशी हळिवाच्या मुळांचे केसासारखे ठसे आहेत, कारण किल्ल्यावर हिरवळीसाठी पेरलेले हळीव त्याच्या पायाखालीही उगवले होते.

हे वॉरगेमिंग होते का, असे विचारले गेलेच. होते. दादा आणि मी किल्ल्याच्या दोन बाजूंना प्रत्येकी बारा मावळे ठेवून गोट्यांनी नेम धरत असू. आडवा पडला तर जखमी, डोके उडाले तर ठार, आणि बुरुजाआड असेल तर गोटी दोनदा लागली पाहिजे. वेल्सचे नाव आम्हाला ठाऊक नव्हते. ठार झालेल्यांची डोकी आई पिठाच्या खळीने चिकटवून देत असे. या मावळ्याची मान मात्र शाबूत आहे.

सांगितलेले वर्ष मी १९८७ लिहिले. खात्री होती, तरी रात्री दादाला दूरध्वनी केला. तो म्हणाला, "अरे, सत्त्याऐंशीला आपण दुसऱ्या मजल्यावर होतो, किल्ला करायला अंगण कुठे होतं? शेजारच्या वाड्यातला किल्ला बघायला जायचो नुसतं. अंगणाचं घर एकोणनव्वदला घेतलं बाबांनी." मी म्हणालो की, वाड्यातल्या किल्ल्यावरही आपण मावळे ठेवले असतील. तो म्हणाला, "ठेवले असते, पण त्या पोरांनी हात लावू दिला तर ना."

दुसऱ्या रकान्यात १९८९ लिहिले. खोचक रकाना माझाच होता.

१९ मे २०२४, रविवार

एकूण २३ नोंदी पूर्ण झाल्या. दोन्ही रकाने जुळतात अशा नऊ. अकरा जणांनी वस्तू आहे त्याहून जुनी सांगितली आणि तिघांनी नवी. आकडे लहान आहेत, त्यांवर काही उभारण्याचा विचार नाही. फलकावर दोन्ही वर्षे छापावीत की एकच, यावर समितीत मतदान झाले आणि दोन्ही छापायचे ठरले. आजोबांनी विरोधात मत दिले आणि आपल्या फलकावर 'गोवर' हा शब्द घालण्याची अट घातली. ती मान्य केली.

३० मे २०२४, गुरुवार

मांडणीची रंगीत तालीम झाली. क्लबच्या पेट्या प्लायवुडच्या असल्याने त्या नाकारून पत्र्याचे ट्रे आणि वर काच, असे केले. हिंचलिफचे बाधलेले दोन स्वार बंद प्लास्टिक पिशवीत, भुकटी दिसेल असे ठेवले आहेत. माळ्यावरचा, रंगवायचा राहिलेला एक त्यांच्या शेजारी आहे. ड्रम मेजर तारेच्या पायावर उभा आहे, पण टेबलाला धक्का लागला की डुलतो, म्हणून ट्रेखाली फेल्ट घालायचे आहे. मावळ्याचा तळ हळिवामुळे खडबडीत असल्याने तो सरळ राहत नाही. त्याच्यासाठी वाळूची उथळ वाटी आणायची, आणि भाला नवा करायचा नाही.